विद्यार्थ्यांचे गीतचित्र : कल्पनेची निवड व पूर्वयोजना

गेल्या काही वर्षांत प्राथमिक शाळांच्या स्नेहसंमेलनांतून एक नवा प्रकार रूढ झाला आहे. एखादे गाणे घ्यावयाचे, मुलांना त्यावर नाच अथवा अभिनय बसवून द्यावयाचा, शिक्षकांच्या मोबाइलवर त्याचे चित्रण करावयाचे आणि तुकडे जोडून दोन-तीन मिनिटांची फीत तयार करावयाची. यास सर्वत्र ‘म्युझिक व्हिडिओ’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘गीतचित्र’ हा शब्द योजिला आहे. उपक्रम चांगला आहे, यात शंका नाही. भाषा, संगीत, चित्रकला, परिसर अभ्यास आणि गणित इतके विषय एका कामात आपोआप एकत्र यावेत, असे प्रसंग वर्षातून फार थोडे येतात.

तथापि तयार झालेली गीतचित्रे लागोपाठ पाहू लागल्यास बहुतेकांत एकच उणीव जाणवते. चित्रण बरे असते, मुले गोड दिसतात, शिक्षकांनी श्रमही पुष्कळ घेतलेले असतात. पण हे गीतचित्र याच शाळेने का करावे, याचे उत्तर त्यात नसते. तालुक्याच्या गावाहून भाड्याने आणलेले चकचकीत कपडे, चित्रपटातील नाचाची हुबेहूब नक्कल, पुढच्या रांगेत चुणचुणीत चार मुली आणि मागे हात हलवीत उभा राहिलेला उरलेला वर्ग. गाणे बदलले तरी हेच चित्र चालेल. शाळा बदलली तरीही चालेल.

या उणिवेचे मूळ चित्रणात नसते, चित्रणाच्या बरेच आधी असते. गाणे निवडले की कल्पनाही निवडली, असे समजण्यात येते. वास्तविक गाणे, विषय आणि कल्पना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाऊस’ हा विषय होय. ‘पावसाचे गाणे गात भिजणारी मुले’ यातही अजून कल्पना आलेली नाही. ते केवळ विषयाचे वर्णन झाले. ‘वर्गातील प्रत्येक मुलाने घरच्या पागोळीखाली ठेवलेले एकेक भांडे आणि त्या भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा निरनिराळा आवाज’ ही मात्र कल्पना होय. कारण ती सांगताक्षणी काय टिपावयाचे, कोठे टिपावयाचे, कोणत्या दिवसांत टिपावयाचे हे उलगडू लागते; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय टिपावयाचे नाही, हेही कळते. तांब्या, घमेले, पत्र्याचा डबा यांना जागा मिळते. भाड्याच्या कपड्यांना मिळत नाही. कल्पना एका वाक्यात सांगता येते की नाही, ही तिची पहिली कसोटी समजावी. ज्या कल्पनेला तीन वाक्ये लागतात, तिच्यात बहुधा तीन कल्पना एकमेकींत गुंतलेल्या असतात.

मोठ्या आणि गाजलेल्या कामांनाही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवरून प्रथम दाखविण्यात आलेले, अशोक पत्की यांचे संगीत लाभलेले राष्ट्रीय एकात्मतेचे गीत आजच्या शिक्षकांपैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेले असेल. आरंभी पंडित भीमसेन जोशी गातात आणि पुढे तोच आशय एकामागून एका भारतीय भाषेतून, देशाच्या एकेका भागातून ऐकू येतो. एक सूर, अनेक भाषा, सारा देश : एवढीच कल्पना. माणसे किती तरी आली, प्रदेश किती तरी आले, पण पाहणारा कोठेही गोंधळत नाही.

दुसरे उदाहरण १९७४ सालच्या ‘एक, अनेक और एकता’ या लघुपटाचे. विजया मुळे यांनी तो दिग्दर्शित केला, त्यातील चित्रांची आखणी भीमसैन यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. ‘एकता’ हा शब्द लहान मुलाला समजावून सांगणे किती अवघड असते, हे शिक्षकांस सांगावयास नको. मुलांच्या प्रश्नोत्तरांतून एक आणि अनेक यांचा भेद सांगून, जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनी गोष्ट तेथे कामी आणिली आहे. व्याख्या न देता गोष्ट दाखविली, हे त्या लघुपटाचे मर्म.

तिसरे उदाहरण परदेशातील असले तरी प्राथमिक शाळेच्या फार जवळचे आहे. १९६५ साली बॉब डिलन या अमेरिकन गायकाचे एक गाणे लंडनमधील एका हॉटेलामागच्या गल्लीत चित्रित करण्यात आले. गायक गात नाही, ओठही हलवीत नाही. गाण्यातील निवडक शब्द लिहिलेले मोठे कागद हातात धरून तो उभा राहतो आणि शब्द येईल तसा एकेक कागद खाली टाकतो. एक गल्ली, एक माणूस, कागदाचा गठ्ठा आणि अखंड एकच चित्रण; खर्च कागदाचा व शाईचा. शब्दपट्ट्या तर आपल्या प्रत्येक शाळेत पहिलीच्या वर्गात टांगलेल्या असतात. नुकती वाचू लागलेली वीस मुले ओळीने उभी राहून गाण्यातील शब्द येईल तशी आपापली पट्टी वर करीत आहेत, असे गीतचित्र कोणत्याही शाळेस एका दुपारी करता येईल, आणि पट्टी चुकीच्या वेळी वर गेली की वाचन कोठे अडते तेही शिक्षकांस दिसेल.

कल्पनेची निवड वर्गात प्रत्यक्ष कशी करावी, हे एका सलग उदाहरणाने पाहणे बरे. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील परिस्थिती कल्पित नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. तिसरी-चौथीचा पट १९. बहुतेक पालक ऊसतोडणीला जाणारे. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर येतात आणि वर्ग रिकामा होऊ लागतो; काही मुले आजीआजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात. वर्गशिक्षिकेने गीतचित्रासाठी बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या घरट्यावरील कविता निवडली आहे. कविता ओवीच्या चालीवर म्हणता येते, मुलांना ती आवडते, आणि शाळेमागच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी दरवर्षी लागतात.

बाई पहिल्या दिवशी मुलांना फक्त एकच प्रश्न विचारतात : गाणे ऐकताना डोळ्यांपुढे काय आले? उत्तरे फळ्यावर जशीच्या तशी लिहितात. चांगले-वाईट काहीही म्हणत नाहीत. ही पायरी अनेकदा घाईने उरकण्यात येते. पहिली सहा-सात उत्तरे बहुधा दुसरीकडे पाहिलेलीच असतात. मुलांचे स्वतःचे उत्तर त्यानंतर, बहुतेक वेळा मागच्या बाकावरून आणि हळू आवाजात येते. फळा निम्मा भरल्यावर थांबणाऱ्या शिक्षकास ते कधीच ऐकू येत नाही.

समजा, अखेरीस फळ्यावर चार सूचना उरल्या. पहिली, मुलींनी पिवळे कपडे घालून पक्ष्यांचा नाच करावा. दुसरी, कवितेतील प्रत्येक ओळीचा अभिनय करावा. तिसरी, खऱ्या सुगरणीचेच चित्रण करावे. चौथी सूचना नीटशी सूचनाही नाही. एक मुलगा एवढेच म्हणाला की, ‘‘आमच्या कोपीवानी आहे ते.’’

नाचाच्या सूचनेत मुलांचा उत्साह सर्वांत अधिक असतो, म्हणून ती हेटाळणीने बाजूस सारू नये. तिचे काय होईल ते मुलांकडूनच मोजून घ्यावे. कपडे किती लागतील, पैसे कोण देईल, नाचात किती जणी, मुलगे काय करतील, या प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता १९ पैकी ११ मुले चित्राबाहेर राहतात, हे मुलांच्याच ध्यानी येते. ओळीओळीच्या अभिनयातील दोष समजावयास किंचित कठीण आहे. गाण्यात घरटे म्हटले की पडद्यावर घरटे, चोच म्हटले की चोच, अशाने एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते; कानाने ऐकलेले डोळ्यांना पुन्हा ऐकावे लागते. चित्राने शब्दाशेजारी बसावे, त्याच्या मांडीवर बसू नये.

तिसरी सूचना मोहात पाडणारी आहे. पण मोबाइलच्या साध्या भिंगाने उंच फांदीवरचा पक्षी ठिपक्याएवढा दिसतो. शिवाय सुगरण विहिरीच्या पाण्यावर झुकलेली फांदी घरट्यासाठी पुष्कळदा पसंत करते, ती शत्रूस पोहोचता येऊ नये म्हणून. नेमकी तीच जागा मुलांसाठी धोक्याची. विहिरीच्या काठाशी मुलांना चित्रणासाठी नेणे कोणत्याही सबबीवर समर्थनीय नाही. घरट्यांना हात लावणे, फांदी वाकवणे हेही नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्याच व्याख्येत घातले आहे. दुरून पाहावे, वहीत लिहावे, एवढे पुरे.

आणि पाहण्यातूनच या उदाहरणात मोठा लाभ होतो. दोन आठवडे मधल्या सुट्टीत दुरून निरीक्षण करणाऱ्या मुलांना दिसते की, गवताच्या पात्यांचे धागे आणून विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा आहे. पिवळे डोके विणीच्या हंगामात नराचे असते. म्हणजे घरटे विणतो तो नर! डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे १९३० च्या सुमारास सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले, तेव्हा हाच क्रम बारकाईने नोंदविला. नर घरटे अर्धे विणून थांबतो. त्या वेळी ते उलट्या टोपीसारखे दिसते. माद्या येऊन तपासतात. पसंत पडले तर नर पुढची नळी विणून काम पुरे करतो. न पडल्यास ते तसेच लटकत राहते. पूर्ण घरट्यास सुमारे अठरा दिवस लागतात. कवितेत मात्र श्रेय आईचे आहे, आणि आपल्या भाषेने या पक्ष्याचे नावच ‘सुगरण’ असे स्त्रीलिंगी ठेविले आहे.

येथे काही शिक्षक गोंधळतात. बहिणाबाई चुकल्या, असे मुलांना सांगावयाचे काय? मुळीच नाही. आसोद्याच्या त्या निरक्षर कवयित्रीने पक्ष्याच्या निमित्ताने माणसाचे घर सांगितले. पक्षिशास्त्राचा पाठ देण्याचा तिचा हेतू नव्हता. पण मुलांनी पाहिलेले खोटे ठरवून दडपावे, हेही योग्य नव्हे. दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्या आणि मुलांना विचारावे : तुमच्या घरी घर कोण विणते? ऊसतोडणीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते, आणि उचल जोडप्याच्या नावे असते. या मुलांना उत्तर शोधावे लागत नाही.

मग चौथ्या, अर्धवट सूचनेकडे परत यावे. कोपी म्हणजे फडाशेजारी बांबू, पाचट, ताडपत्री यांची उभी केलेली तात्पुरती झोपडी. कवितेच्या अखेरीस बहिणाबाई पक्ष्याच्या इवल्याशा चोचीशेजारी माणसाचे हात आणून ठेवतात. हा धागा बाईंनी दाखवून दिला की कल्पना आकार घेते. वर्गाने ठरविलेले वाक्य असे : घर विणणारे हात. भाकरी थापणारे, दोर वळणारे, गोधडीला टाके घालणारे, सुतळी ओवणारे, कुडाला शेण-माती लिंपणारे, अशा १९ घरांतल्या हातांची चित्रे, आणि त्यांच्यावर मुलांच्या आवाजातील सुगरणीची कविता. गाण्यात पक्षी, चित्रात हात.

कल्पना ठरली असे वाटत असतानाच एक मुलगी बाईंजवळ येऊन सांगते, ‘‘आमचं घर नका घेऊ त्यात, बाई.’’

या वाक्यापाशी सर्व शिक्षकांनी थांबावे. तिचे घर पत्र्याचे असेल, वडील दारू पीत असतील, आई घरी नसेल. कारण विचारण्याचा अधिकार गीतचित्र करणाऱ्यास नाही. मुलाच्या मनात घराविषयी लाज उत्पन्न करील, किंवा असलेली लाज चव्हाट्यावर आणील, अशी कल्पना कितीही सुंदर असली तरी प्राथमिक शाळेच्या कामाची नव्हे. ‘लाजू नकोस, त्यात काय एवढे?’ असे म्हणून मुलीला राजी करणे सोपे असते. लहान मूल शिक्षकास फार वेळ नाही म्हणू शकत नाही. म्हणूनच ते तसे करू नये.

या उदाहरणातील बाई कल्पना सोडीत नाहीत. तिला एक अट जोडतात. घरे दाखवावयाचीच नाहीत, चेहरेही नाहीत, फक्त हात. आणि सर्वांचे हात एकाच ठिकाणी टिपावयाचे : शाळेच्या ओट्यावर अंथरलेल्या एकाच गोणपाटावर. ज्याला जमेल त्याने सायंकाळी परात, दोर, गोधडी घेऊन शाळेत यावे. ज्या मुलाच्या घरचे येऊ शकणार नाहीत, त्याने स्वतःचे हात आणावे. दहा बोटे त्यालाही आहेत. घरे दाखविली असती तर गीतचित्र अधिक भरगच्च झाले असते, हे खरे. पण एकाच गोणपाटावर आलेले १९ जोड हात पाहताना कोणाचे घर केवढे, हा प्रश्नच उठत नाही, आणि उसाच्या पात्यांनी चिरलेला हात जात्यावरच्या आजीच्या हाताशेजारी सारख्याच मानाने बसतो. अटीमुळे कल्पना लहान झाली नाही, घट्ट झाली. दुःखी सनई मागे वाजवून त्या हातांची कीव करण्याचा मोह मात्र टाळावा. दैन्याचे प्रदर्शन करून टाळ्या मिळविता येतात, पण टाळ्या वाजविणारे पालक नसतात.

आता योजना. ती कल्पनेपासून वेगळी काढून कारकुनी काम समजण्याचा प्रघात आहे. वास्तविक कल्पना शक्य आहे की नाही, हे योजनेतच ठरते. गीतचित्र दोन मिनिटांचे धरावे. सेकंद झाले १२०. एक चित्र सरासरी ५ सेकंद राहील, तर २४ चित्रे लागतात. १९ घरांचे १९ हात. उरलेली ५ चित्रे घरटे, गवत, ओटा यांना. कोणते मूल सुटले, हे बेरजेतच कळते. एका चित्रास मांडणी आणि तीन प्रयत्न मिळून १५ मिनिटे लागतात. दोन तासिकांच्या ७० मिनिटांत ४ चित्रे होतात. म्हणजे ६ दिवस. हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच करवून घ्यावा. पाच मिनिटांचे गाणे निवडणाऱ्या शाळेने तो आधी केला असता, तर अर्धे काम टाकून द्यावे लागले नसते. मोबाइलमधील जागेचाही असाच अंदाज घ्यावा. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाच्या चित्रणास साधारण १०० ते १५० एमबी जागा लागते.

कागदावर २४ चौकटी आखून प्रत्येक चौकटीत मुलांनी चित्र काढावे व खाली गाण्याची कोणती ओळ त्या वेळी ऐकू येईल ते लिहावे. यालाच चित्रपटवाले स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रे वेडीवाकडी आली तरी चालतील. दोन चौकटींत एकसारखेच चित्र आले की एक चौकट खोडावी लागते, आणि कोणती खोडावयाची यावर वर्गात जो वाद होतो, तो भाषेच्या दहा तासांइतका मोलाचा असतो. वरील वर्गात शेवटच्या चौकटीवर असा वाद होईल, हे उघड आहे. कोणी म्हणेल, रिकामे घरटे दाखवावे. कोणी म्हणेल, ट्रॅक्टरमधून निघालेली माणसे दाखवावी. निघण्याचे ते दृश्य डोळ्यांत पाणी आणणारे होईल खरे; पण त्या पहाटे कोणालाही कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची उसंत नसते, आणि स्वतःच्या निघण्याचे चित्र मुलांना हवे आहे काय, हे मुलांनीच सांगावयाचे आहे. या वर्गाने ठरविले की, मुलांच्याच हातांत अर्धे विणलेले गवत असावे, उलट्या टोपीच्या अवस्थेतील, आणि तेथे गाणे संपावे.

वेळापत्रकही कल्पनेतूनच निघते. सुगरण विणते पावसाळ्यात. मुले गावात असतात तीही तेव्हाच. म्हणून जुलैत निरीक्षण व निवड, ऑगस्टमध्ये गाणे बसविणे, सप्टेंबरमध्ये चित्रण व जोडणी, आणि दसऱ्याच्या आत गावाला दाखविणे. स्नेहसंमेलन जानेवारीत आहे म्हणून काम डिसेंबरात काढले, तर ज्यांचे हात दाखवावयाचे ते सर्व फडावर गेलेले असतील.

ध्वनी व प्रकाश यांविषयी थोडे. गाणे आधी ध्वनिमुद्रित करावे. पंखा बंद करून, वर्गाच्या दारे-खिडक्या लावून, मोबाइल गाणाऱ्यांपासून हातभर अंतरावर ठेवून. आपल्याकडील चित्रपटांतही १९३५ पासून गाणे आधी मुद्रित करून मग चित्रण करण्याची पद्धत आली, ती याच सोयीमुळे. चित्रण करताना ते गाणे जवळ वाजत ठेवावे म्हणजे हातांना लय मिळते. उन्हे तिरपी असताना, सकाळी दहाच्या आत अथवा सायंकाळी चारनंतर, टिपावे. मोबाइल आडवा धरावा, स्टुलावर अथवा विटांवर टेकवावा, भिंग सुती कापडाने पुसावे आणि फोन येऊ नये म्हणून ‘एअरप्लेन मोड’ चालू ठेवावा. पाच सेकंदांच्या चित्रासाठी दहा सेकंद टिपावे. आधीचा व नंतरचा भाग जोडताना कामी येतो.

गाण्याच्या हक्काचा प्रश्न निवडीच्या वेळीच सोडवावा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी व शिक्षक यांनी पालकांसमोर गाणे सादर करण्यास सवलत आहे. तेच गाणे चित्रित करून यूट्यूबवर अथवा अन्यत्र सर्वांसाठी ठेवणे त्या सवलतीत बसत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे हक्क टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले; त्यांच्या गीतांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. बालकवी १९१८ साली गेले. बहिणाबाई १९५१ साली गेल्या व त्यांचा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्या कविता आता मुक्त आहेत. संतांचे अभंग, जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी तर सर्वांचीच. मात्र कविता मुक्त असली तरी चित्रपटासाठी बांधलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता असते. सबब तयार फीत वाजवू नये; गावातील एखाद्या आजीकडून ओवीची चाल शिकून घ्यावी. गळा मुलांचाच असावा. तो थोडा बेसूर लागला तर लागू द्यावा.

पालकांची संमती लेखी घ्यावी आणि ती घेताना गीतचित्र कोठे दाखविले जाईल, हे स्पष्ट सांगावे. लिहिता न येणाऱ्या पालकास कागद वाचून दाखवावा. मुलाचे पूर्ण नाव, गाव व चेहरा ही तिन्ही एकत्र प्रसिद्ध होऊ नयेत. वरील उदाहरणात चेहरे नाहीत, तरीही संमती हवी. आपल्या आईचा हात मूल गर्दीतही ओळखते. एखाद्या पालकाने नकार दिल्यास त्या मुलाला जोडणीच्या, मोजणीच्या अथवा गाण्याच्या कामात घ्यावे आणि नकाराची चर्चा वर्गात होऊ देऊ नये.

पहिला प्रयोग गावातच व्हावा. तालुक्याला अथवा मोबाइलवरील गटांत पाठविण्याच्या आधी. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून, प्रोजेक्टर नसेल तर वर्गातील दूरदर्शन संचावर, अंधार पडल्यावर दाखवावे. ज्यांचे हात आहेत ते कामावरून आलेले असतील अशी वेळ धरावी. दोन मिनिटांचे गीतचित्र बेताच्या प्रतीत ७०-८० एमबीत बसते. ते केबलने अथवा मेमरी कार्डाने ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये मूळ स्वरूपात घालून द्यावे. संदेशातून पाठविल्यास चित्र फिके होते. हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नये. ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसतो, आणि आला की सामान भरण्यास एक रात्रच मिळते.